माळ्यावरची गिटार
(प्रस्तावना)

मिरा-भाईंदरमधल्या जुन्या सोसायट्यांत घर रंगवायला काढलं की माळा रिकामा होतो, आणि पितळेची पातेली, पाळणा, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे यांच्यामागून पुष्कळदा एक गिटार निघते. तारा गंजलेल्या, ब्रिजची मागची कड उचललेली, एखादी खुंटी मोडलेली. ती कोणाची हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं : आजोबांची, मामाची, लग्नाआधीची आईची. ती आता खराब झाली, यावरही सगळ्यांचं एकमत असतं. या दुसऱ्या मताला हरकत घेण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

गिटार नुसत्या वयानं खराब होत नाही. लाकूड, सरस आणि तारा यांनी मिळून वर्षानुवर्षं एक ताण पेललेला असतो. हवेतली ओल चढते-उतरते तसा त्या ताणाचा तोल ढळतो, आणि वाद्य कुठेतरी वाकतं, कुठेतरी सुटतं. नेमकं कुठे, हे नीट शोधलं तर त्यातलं बरंचसं घरच्या गॅलरीत, सुताराच्या नेहमीच्या हत्यारांनी दुरुस्त करता येतं. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या मुलखातली आहे, लागणारं कसबही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते गिटारपर्यंत पोचलेलं नाही, एवढंच. ते पोचावं हा या लेखनाचा हेतू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या पुस्तकात दुरुस्ती म्हणजे गिटार पुन्हा वाजती करणं. ती कोरी दिसावी म्हणून रंग खरवडणं, जुने ओरखडे घासून काढणं, सगळे सुटे भाग बदलून टाकणं हे यात सांगितलेलं नाही. ओरखडे हा त्या वाद्याचा आणि ते वाजवणाऱ्या माणसाचा इतिहास आहे, आणि रंगाखालचं लाकूड एकदा घासलं की परत येत नाही.

आधी, या गिटारी आपल्या घरांत आल्या कशा ते पाहू. वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, गोराई हा खाडी आणि समुद्र यांच्यामधला पट्टाही त्यांच्याच अमलाखाली होता. आजच्या घडणीची सहा तारांची गिटार मात्र त्या काळातली नव्हे. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं तिच्या टॉपची, म्हणजे वरच्या फळीची, आणि आतल्या पट्ट्यांची घडण एकोणिसाव्या शतकात बसवली. जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिननं १८३३ मध्ये आपला कारखाना काढला, आणि आतल्या पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतील अशी रचना तिथेच रुजली. पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा मागे राहिलं ते चर्चमधलं सामूहिक गायन. पुढे मुंबईच्या दुकानांतून गिटारी मिळू लागल्या, तेव्हा त्या हातात घेणारे कान आणि गळे इथल्या ईस्ट इंडियन आणि ख्रिस्ती कोळी वस्त्यांत आधीच तयार होते.

दुकानांची गोष्ट धोबी तलावाला सुरू होते. फुर्टाडोज ही वाद्यांची पेढी १८६५ पासूनची. मरीन लाइन्स स्टेशनातून उतरून जेर महलपाशी गेलं की आजही वाद्यांच्या काचा दिसतात, आणि त्याच इमारतीत गोव्यातल्या गावागावांचे कुड, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या गावकऱ्यांची राहण्याची ठिकाणं, नांदत आली. बोटीवर, हॉटेलांत, नाचगाण्याच्या हॉलमध्ये आणि मग सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारे अनेक वादक या परिसरातून गेले. हिंदी सिनेसंगीताच्या वाद्यमेळाला आकार देणारे अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचेच. दुसरीकडे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर सिनेमातली गाणी वाजवली आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन रागसंगीत वाजवलं, आणि हे वाद्य शास्त्रीय बैठकीतही शोभतं हे ऐकणाऱ्यांना पटवलं.

हा हवाईयन प्रकार दुरुस्ती करणाऱ्यानं ध्यानात ठेवावा असा आहे. मांडीवर आडवी घेऊन वाजवायच्या गिटारच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, आणि त्यासाठी वरच्या टोकाच्या नटवर एक धातूची पट्टी चढवतात. साठ-सत्तर सालच्या अनेक गिटारी अशा बदललेल्या आहेत. तारा बोटभर वर दिसल्या की नेक वाकली असं समजून कामाला लागण्याआधी नट पाहावा. ती पट्टी काढताच निम्मा आजार नाहीसा झाला, असंही होतं.

मिरा-भाईंदरच्या घरांत या सगळ्या गिटारी एकत्र आल्या त्या शहराच्या वाढीमुळे. मिठागरं, भातखाचरं आणि कोळीवाडे यांच्या या गावांची नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महानगरपालिका २००२ मध्ये, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथली जागा परवडेनाशी झालेली कुटुंबं रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेला सरकली आणि टेम्पोत भरलेल्या सामानाबरोबर गिटारही आली. आयातीवर निर्बंध होते त्या काळात परदेशी गिटार दुर्मीळ, त्यामुळे यातल्या बहुतेक देशी : कोलकात्यात बनलेल्या गिवसनसारख्या, प्लायवूडच्या टॉपच्या, कडेला काळसर आणि मध्ये पिवळा असा सनबर्स्ट रंग दिलेल्या. पुस्तकी जगात या वाद्यांना फारशी किंमत नाही. मी त्यांनाच या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवलं आहे, कारण आपल्याकडे प्रत्यक्षात त्याच आहेत, आणि हजारो मुलामुलींनी पहिली कॉर्ड त्यांच्यावरच धरली.

आता ताणाकडे वळू. स्टीलच्या तारांचा, सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच असलेला संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ७५ किलो ओढा पडतो. टॉपची फळी असते जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ फळीला रात्रंदिवस लोंबकळत असतो, आणि माळ्यावर टाकताना तारा सैल करायला कोणी विसरलं असेल तर तो तिथेही लोंबकळतच राहतो. हा ताण घेण्यासाठी टॉपच्या आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांना ब्रेस म्हणतात. एखादी ब्रेस सुटली की तिच्यावरचा भार शेजारणीवर जातो.

तारा कुठे अडकवल्या आहेत यावर वाद्य कसं वाकेल हे ठरतं. ब्रिज टॉपला चिकटवलेला असेल आणि तारा त्यातच रोवलेल्या असतील, तर ओढ्यानं ब्रिजच्या मागचा भाग फुगतो आणि ब्रिजची मागची कड सुटू लागते. याउलट, अनेक देशी गिटारींत तारा खालच्या टोकाला बसवलेल्या पत्र्याच्या टेलपीसला अडकवलेल्या असतात आणि ब्रिज नुसता दाबावर उभा असतो. तिथे टॉप फुगत नाही, दबतो. दोन्हींवरचा उपाय वेगळा, म्हणून गिटार हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच : तारांचं शेवटचं टोक कशाला बांधलेलं आहे?

ओलीचं गणित ताणाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि आमच्या शहरात कदाचित अधिक. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मधे खारफुटी आणि मिठागरं. पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्क्यांपर्यंत जाते, आणि जानेवारीतल्या एखाद्या दुपारी ती ४० च्या आसपास उतरते. गिटारला मानवते ४५ ते ५५ टक्क्यांमधली हवा. लाकूड ओल पिऊन फुगतं ते रेषांना आडवं. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. मोठ्या आकाराच्या गिटारचा टॉप खालच्या फुगीर भागात सुमारे ४०० मिलिमीटर रुंद असतो. अशी स्प्रूस या लाकडाची अख्खी फळी मोकळी ठेवली, तर आपल्याकडच्या कोरड्या आणि ओल्या ऋतूंमध्ये तिच्या रुंदीत २-३ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. पण ती मोकळी नसते. तिच्या कडा बांधलेल्या असतात आणि ब्रेस आडव्यातिडव्या चिकटवलेल्या. मग ती पावसाळ्यात वर फुगते आणि हिवाळ्यात आकसताना चिरते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्यानं त्याचा टॉप सहसा चिरत नाही. तिथे थर सुटतात, ब्रेस निघतात आणि धातूचे भाग गंजतात.

यातून कामाचं एक पंचांगच तयार होतं. ब्रेस किंवा चीर चिकटवायचं काम भर पावसाळ्यात करू नये. फुगलेल्या लाकडावर चिकटवलेली पट्टी, लाकूड आकसू लागलं की त्याला धरून ठेवते आणि नवी चीर पाडते. जुलैमध्ये मिटलेली दिसणारी चीर बरी झालेली नसते, ती जानेवारीत पुन्हा उघडते. म्हणून पावसाळा तपासणीचा, मोजमापांचा, खुंट्या साफ करण्याचा आणि फ्रेट चमकवण्याचा; चिकटवण्याची कामं दिवाळीनंतर. ज्यांच्याकडे एसीची खोली आहे त्यांना थोडी सूट आहे, पण काटा मात्र हवाच. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, आणि या छंदातली पहिली खरेदी तीच असावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सामग्रीबद्दल मला विशेष सांगायचं आहे. गिटार परदेशी वाद्य, तिचं सामान परदेशातून मागवावं लागणार, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. चांगल्या गिटारच्या पाठीला आणि बाजूंना जगभर जे लाकूड वापरतात, ते आपलं शिसव, पश्चिम घाटाच्या जंगलातलं. ब्राझीलचं शिसव दुर्मीळ होऊ लागल्यावर मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसव स्वीकारलं, आणि तेव्हापासून जगातल्या असंख्य नामांकित गिटारींच्या पाठी या झाडाच्या आहेत. मागणी इतकी वाढली की २ जानेवारी २०१७ पासून शिसवाचा सगळा वंश ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आला. वाद्यनिर्मात्यांनी आणि वादकांनी अडचणी मांडल्यावर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. या घडामोडींचा घरगुती दुरुस्तीशी थेट संबंध आहे : शिसव मौल्यवान आहे, म्हणून नवं तोडलेलं शोधत फिरू नये. मोडलेल्या शिसवी पलंगाचा पाय, जुन्या देव्हाऱ्याची चौकट, झोपाळ्याच्या फळीचा तुकडा यातून गिटारचा ब्रिज उत्तम निघतो, आणि तीस-चाळीस वर्षं घरात वाळलेलं लाकूड नव्यापेक्षा कमी हलतं.

सरसाचंही तेच. कातडी आणि हाडं उकळून केलेला सरस आपल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. पांढरा तयार गोंद आल्यावर तो मागे पडला, कारण सरस भिजवावा लागतो, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६०-६५ अंशांवर विरघळवावा लागतो आणि थंड होण्याआधी झपाट्यानं काम उरकावं लागतं. पण वाद्यासाठी त्याचे दोन गुण अमोल आहेत. वाळल्यावर तो कडक होतो आणि सततच्या ओढ्याखाली सरकत नाही; पांढरा गोंद मात्र अशा ओढ्याखाली हळूहळू ढिला पडतो. आणि सरसाचा जोड ओल आणि उष्णता देऊन पुन्हा उघडता येतो. पन्नास वर्षांनी कोणाला ते काम परत करावं लागलं, तर लाकूड न फोडता करता येतं.

पॉलिशसाठी चपडा. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जो थर देतात, त्याच्या शुद्ध केलेल्या पातळ पापड्या म्हणजे चपडा. जगभरच्या उत्तम क्लासिकल गिटारींना याच लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं, आणि लाखेच्या उत्पादनात भारत पहिल्या फळीत आहे. स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून हातानं चढवायचं. लाखेचा नवा थर जुन्या लाखेत विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तेवढ्याच जागेची डागडुजी होते आणि सगळं वाद्य खरवडावं लागत नाही. घाम आणि उष्णता त्याला सोसत नाही हे मात्र खरं, म्हणून हात टेकतो तिथे देखभाल लागते.

एक नाजूक बाब इथेच सांगतो. नट आणि सॅडल, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या दोन पट्ट्या, हाडाच्या असल्या की स्वर स्वच्छ येतो. सरस प्राण्यांपासून होतो, लाख किड्यांपासून. आमच्या शहरात जैन आणि गुजराती कुटुंबांची वस्ती मोठी आहे, आणि शेजाऱ्याची गिटार दुरुस्त करताना त्याच्या घरात हाड चालणार आहे का, हे आधी विचारणं ही कामाचीच पायरी आहे. मायकार्टासारख्या कृत्रिम पट्ट्या, पितळ, पांढरा गोंद, कृत्रिम वार्निश हे पर्याय प्रत्येक प्रकरणात त्यांच्या गुणदोषांसह दिले आहेत. ज्याचं वाद्य, त्याच्या मनाला पटेल तीच सामग्री त्यात जावी.

आता कसबाकडे येतो. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तानपुरे घडवायला घेतले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीचा माथा कानशीनं अगदी किंचित उताराचा करतो, म्हणजे तार त्यावर हलकेच घासत राहते आणि स्वराभोवती झंकाराचं वलय उमटतं. गिटारच्या सॅडलला हवं ते याच्या नेमकं उलट : तार एका धारेवरून सुटली पाहिजे, नाहीतर स्वर फुटतो. जुन्या गिटारचं सॅडल झिजून सपाट झालं की तिच्यातून सतारीसारखा खरखरीत आवाज येतो तो यामुळेच. हेतू वेगळे, पण विद्या एकच आहे : कानस एकदा फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, आणि मगच पुन्हा कानस उचलायची. ज्यानं मिरजेच्या कारागिराला हे करताना पाहिलं आहे, त्याला सॅडल घासायला परदेशी पुस्तकाची गरज नाही.

जवळच्या कसबाचंही तसंच. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत बफिंग करणाऱ्या कामगाराला धातूवरचा ओरखडा कुठल्या क्रमानं नाहीसा होतो हे हाताला माहीत असतं, आणि फ्रेटची झिजलेली तार चमकवताना नेमकं तेच लागतं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला चपड्याचा पातळपणा बोटांनी कळतो. सुताराला रंध्यानं निघालेली ढलपी पाहून रेषांची दिशा कळते. मी या सगळ्यांना विचारत विचारत शिकलो, आणि या पुस्तकात जे धड आहे त्यातलं बरंचसं त्यांचं आहे. त्यांच्यापैकी कुणी कधी गिटार वाजवलेली नाही. तरीही त्यांनी दिलेला सल्ला क्वचितच वाया गेला.

गॅलरीतला कारखाना केवढा असावा? चार फुटांची जागा पुरते. जुन्या दाराची फळी, तिच्यावर जाड सतरंजी, नेकखाली ठेवायला तांदळाची छोटी पिशवी. पटाशी, बारीक कानशींचा संच, सरळ पोलादी पट्टी, लांब तोंडाचे दोन-तीन सी क्लॅम्प, वेगवेगळ्या अंकांचे पॉलिश पेपर, पातळ पात्याची पॅलेट नाइफ, कपड्यांची इस्त्री. आत पाहायला छोटा दिवा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा आरसा. मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारात एका फेरीत हे बहुतेक मिळतं. सोसायटीत राहतो याचं भान ठेवून करवत आणि हातोडीची कामं दुपारच्या विश्रांतीच्या वेळी करू नयेत. शिसवाच्या भुशाची अनेकांना ॲलर्जी होते, तोंडावर मास्क हवाच. स्पिरिट आणि थिनर देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब, झाकण घट्ट लावून. या सूचना मी पुस्तकभर पुन्हा पुन्हा दिल्या आहेत, आणि त्याबद्दल क्षमा मागणार नाही.

काम सुरू करण्याआधी तीन मोजमापं. पहिलं, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची : बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि जाड तारेखाली २.५ असेल तर हाताला सोपं जातं. चार-पाच मिलिमीटर असेल तर बोटं सोलतात आणि शिकणारा गिटार सोडून देतो. दुसरं, सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजच्या दिशेनं सरकवायची : तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं तर नेकचा कोन ठीक आहे, बरंच खाली गेलं तर नेक पुढे झुकली आहे आणि नुसतं सॅडल घासून भागणार नाही. तिसरं, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, म्हणून ब्रिजवरचं सॅडल बाराव्या फ्रेटपासून साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि तार दाबल्यानं चढणारा स्वर भरून काढण्यासाठी जाड तारेकडे नटपासून आणखी दोन-तीन मिलिमीटर लांब हवं. सुटलेला ब्रिज अंदाजानं चिकटवला तर ती गिटार पुढे कधीही सुरात लागत नाही. वरचे फ्रेट खोटे बोलत राहतात. नेकमध्ये फिरवता येणारी ट्रस रॉड असेल तर ती एका वेळी पाव फेराच फिरवावी आणि दिवसभर थांबावं. पुष्कळ जुन्या देशी गिटारींत ती नसतेच, मग उपाय तारांच्या जाडीत शोधावा : ०.०१२ ऐवजी ०.०१० चा संच लावला की ओढा दहा किलोंहून अधिक कमी होतो, आणि थकलेल्या टॉपला तेवढा आराम पुष्कळ असतो.

काय करू नये, हेही या पुस्तकाचं अर्धं अंग आहे. चिरेत दोन डब्यांचा इपॉक्सी भरू नये. तो लाकडाच्या रंध्रांत शिरतो आणि पुढच्या कारागिराला काहीच करता येत नाही. सुटलेला ब्रिज वरून स्क्रू ठोकून बसवू नये. स्क्रू टॉप आणि आतली पट्टी दोन्ही फाडतो. रेगमाल यंत्रावर लावू नये. या सगळ्यांमागे एकच नियम आहे : जे केलं ते उलगडता आलं पाहिजे. आपण त्या वाद्याचे शेवटचे मालक नाही. आज आपल्याला जे कळत नाही ते उद्या कुणाला कळेल, आणि त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवणं हा दुरुस्ती करणाऱ्याचा धर्म आहे. म्हणूनच प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, केलेलं काम परत कसं उघडायचं याचा परिच्छेद दिला आहे.

व्यवहाराचा प्रश्नही टाळता येणार नाही. शिकाऊ नवी गिटार पाच हजारांच्या आत मिळते, मग जुनीवर वेळ का घालवायचा? पैशांपुरतं पाहिलं तर अनेकदा हिशेब बसत नाही, आणि तसं मी त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. प्लायवूडचे थर पार सुटले असतील, वाळवीनं नेक पोखरली असेल, तर तिच्या खुंट्या काढून दुसरीला लावाव्यात. पण माझा अनुभव असा, की माळ्यावरच्या गिटारींत खऱ्या अर्थानं गेलेल्या थोड्याच असतात. बाकीच्यांना नव्या तारा, घासलेलं सॅडल, चिकटवलेली एक ब्रेस आणि कोरडी जागा एवढंच हवं असतं. आणि आजोबांची गिटार नातवाच्या हातात सुरात वाजते, तेव्हा त्या घरात एक माणूस पुन्हा बोलू लागतो. त्याची किंमत दुकानात लावता येत नाही, आणि लावायचीही नसते.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. पहिल्या भागात ओळख आणि तपासणी, दुसऱ्यात न उघडता करायची कामं, तिसऱ्यात चिकटवणं आणि चिरा, चौथ्यात पॉलिश, पाचव्यात किनारपट्टीच्या हवेत वाद्य सांभाळण्याचे उपाय. नेक उखडून पुन्हा बसवण्याचं काम मी मुद्दाम वर्णनापुरतं ठेवलं आहे. ते जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिकावं. ज्यांनी आयुष्यात पटाशी धरलेली नाही त्यांनी पहिले दोन भाग करून थांबलं तरी त्यांची गिटार वाजेल.

वाचकांकडून मला एकच मागणं आहे. दुरुस्ती झाली की काय सुटलं होतं, कशानं चिकटवलं, कुठल्या महिन्यात, हे पेन्सिलनं एका कागदावर लिहा आणि तो कागद गिटारच्या आत चिकटवा. मग शेजारच्या घरातली गिटार मागून आणा. एका शहरात असे पाच-पन्नास लोक झाले, की माळ्यावरच्या गिटारींना भंगारवाल्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि पुढच्या पिढीला हे काम शिकायला घराबाहेर फार लांब जावं लागणार नाही.